रेखाचे हात, माझं नाव

कॅन्सर झाला की भीती वाटते, रडू येतं, देव आठवतो, हे सगळे सांगतात. हेवा वाटतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ते मी सांगते. आत्ता कुठल्यातरी वॉर्डात एखादी बाई पंख्याकडे बघत पडलेली असेल आणि शेजारच्या खाटेवरचीचे केस बघून तिच्या पोटात दुखत असेल, तर बाई गं, तू एकटी नाहीस. मी धुळ्याच्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या जळगावातल्या माझ्या जावेवर जळत होते.

माझं नाव सुनंदा. जळगावात यांची पिठाची गिरणी आहे आणि मी खापरावरचे मांडे करते. आमच्या खानदेशात लग्नाला, साखरपुड्याला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आंब्याच्या रसाबरोबर मांडे लागतातच. पुरण भरलेला गोळा लाटायचा नाही, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवायचा. कोपरापर्यंत पसरला, पलीकडचा माणूस दिसायला लागला की चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. आता हे येणाऱ्या बायका कमी झाल्यात. त्यामुळे लगीनसराईत मला लोक गाडी पाठवून घेऊन जायचे. स्वयंपाकाच्या मांडवात माझ्यासाठी वेगळी चूल, मला पहिला चहा, आणि नवरदेवाच्या आईपेक्षा माझी विचारपूस जास्त. मला ते आवडायचं. का आवडू नये?

खापर तापलं की नाही हे ओळखायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कुणी पाणी शिंपडते. कुणी पिठाची चिमूट टाकते आणि ती तांबूस व्हायची वाट बघते. माझ्या आईनं मला दंडानं बघायला शिकवलं. डावा हात खापरावरून न्यायचा, दंडाच्या आतल्या कातडीला धग चावली की टाकायचं. लवकर टाकलं तर मांडा चिकटतो, उशीर झाला तर करपतो. चिमूट टाकणाऱ्या बायकांना मी मनातून कच्च्याच समजायचे. माझी धाकटी जाऊ रेखा चिमूट टाकायची.

त्या दिवशी

गाठ डाव्या बाजूला होती. माझी मुलगी पल्लवी धुळ्याला देवपुरात दिलेली आहे, तिनंच ओढून नेलं. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आत बसवलं, दार लोटलं आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. ग्लास सरकवला तेव्हाच मी ओळखलं. नुसत्या गाठीसाठी कुणी पाणी देत नाही.

त्या बराच वेळ बोलल्या. ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशनचा शेक. पल्लवी रडत रडत मोबाइलमध्ये लिहून घेत होती. त्यांचं झाल्यावर मी एवढंच विचारलं, "हात चांगला राहील ना?"

डॉक्टरीणबाईंनी पल्लवीकडे बघितलं. बहुतेक बायका वेगळं विचारत असतील. "हात राहील ना मावशी," त्या म्हणाल्या, "पण काखेतल्या गाठी काढाव्या लागतील. त्या हाताला फार जपायचं. जड उचलायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, आणि भाजू तर अजिबात द्यायचं नाही."

मला हसू आलं. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला सांगतात भाजू द्यायचं नाही. पल्लवीला वाटलं आई भ्रमली.

बाहेर आलो. बाहेर बसलेले हे रिक्षा बघायला गेले आणि त्या रणरणत्या उन्हात मला पहिला विचार काय आला असेल? मरण नाही. मुलीचं कसं होईल तेही नाही. लगीनसराई तोंडावर आली होती आणि मांड्यांच्या घेतलेल्या सुपाऱ्यांना, ठरलेल्या कामांना आता कोण जाईल, हा विचार आला. आणि उत्तरही लगेच आलं. रेखा जाईल.

आयत्या बिळावर नागोबा

रेखाचं माहेर साक्रीकडचं. शहरात तीही आमच्यासारखंच बोलते, पण जीव तुटला किंवा राग आला की अहिराणीवर येते. मी धुळ्याला निघाले तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, काहीच कायजी करू नका. मी शे ना."

तेच तर. ती होती ना.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. शुद्धीवर आले, बाजूला हात नेला आणि तिथं नुसती पट्टी लागली, एवढं पुरे. एक नळी बाहेर काढलेली असते, ती एका बाटलीत सोडतात. ती बाटली पल्लवीनं शिवलेल्या कापडी पिशवीत घालून मी गळ्यात अडकवून फिरायचे. वॉर्डात पहाटेच फिनेलचा वास सुटायचा. पोछा मारणारी मावशी खाटेखाली झाडू घालताना न चुकता म्हणायची, "पाय वर घ्या राणीसाहेब." त्या दिवसांत मला राणीसाहेब म्हणणारी ती एकटीच. डॉक्टर मला बेड नंबरनं ओळखायचे. मी तिच्या येण्याची वाट बघायचे.

संध्याकाळी यांचा फोन यायचा. गिरणी बंद करून हे येऊ शकायचे नाहीत, म्हणून फोनवर सगळं सांगायचे. माणूस साधा. बायकोला बरं वाटावं म्हणून सांगायचे, "तू अजिबात घोर लावून घेऊ नको. चोपड्याची सुपारी रेखानं केली. लोकांनी बोटं चाटून खाल्लं. काही फरकच कळला नाही म्हणे."

फरकच कळला नाही! मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. इतकी वर्षं माझ्या हातानं जे केलं त्यात आणि चिमूट टाकणारीत लोकांना फरक कळत नाही. पल्लवीला वाटलं मला दुखतंय. तिनं सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं गोळी दिली. त्या दुखण्यावर गोळी नव्हती.

मग केमो सुरू झाली आणि मी पल्लवीकडे देवपुरातच राहिले. तोंडाची चव गेली. पाणी लोखंडासारखं लागायचं, वरणभात मातीसारखा. मी पडल्या पडल्या मनातले मांडे खायचे, लोक म्हणतात ते अगदी खरेखुरे. डोळे मिटून कणीक तिंबायची, गोळा भरायचा, झुलवायचा. आणि ऐन टाकायच्या वेळी समोर खापरापाशी रेखा बसलेली दिसायची. मनातसुद्धा मला जागा ठेवली नव्हती तिनं.

किरणभाभींची टोपी

रेखा लांब होती, तर जवळ किरणभाभी होत्या. धुळ्यात त्यांचं कपड्याचं मोठं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं. केमोच्या दिवशी आमच्या खुर्च्या शेजारी यायच्या. त्यांचे शेठ खाली बसून डाळिंब सोलायचे आणि दाणे वाटीत घालून त्यांच्या हातात द्यायचे. सुना आळीपाळीनं यायच्या. आणि भाभींचे केस गळाले नव्हते! त्यांचं औषध वेगळं होतं म्हणे. माझे केस पल्लवीच्या बाथरूमच्या जाळीत अडकून पाणी तुंबलं होतं, आणि या बाई वेणी पुढे घेऊन बसायच्या.

मी त्यांच्याशी गोड बोलायचे आणि मनात बोटं मोडायचे. एकदा तर त्यांची शीर सापडेना, सिस्टरला परत परत टोचावं लागलं, आणि मला बरं वाटलं. लिहिताना हात जड होतोय, पण वाटलं ते वाटलं.

त्यांची केमो माझ्याआधी संपली. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या खुर्चीपाशी आल्या तेव्हा पेढ्याबरोबर मांडीवर एक मऊ, जांभळी विणलेली टोपी ठेवली. "मी स्वतःसाठी विणली होती बहेन. मला लागली नाही. तुम्हाला होईल." डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

टोपी बरोबर बसली. एवढी बारीक वीण मला सात जन्मात जमली नसती. त्याचाही हेवा वाटलाच. पण हिवाळाभर डोक्यावरून ती काढली नाही.

दंडाला कळेना

शेक संपला, मी जळगावात परत आले. केस मुठीत धरता येतील एवढे झाले. घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं वागवायचे. रेखा तर हातातला तांब्याही काढून घ्यायची. चूल मांडायची ती, कणीक तिंबायची ती, सुपारी घ्यायची ती. मी ओट्यावर बसून शेंगा सोलायचे. कुणी आलं की म्हणायचं, "आता काय, आराम करायचा." आराम हा शब्द ऐकला की मला तो माणूस उचलून बाहेर ठेवावासा वाटायचा.

गल्लीतल्याच एका साखरपुड्याचे मांडे आमच्या अंगणात व्हायचे होते. रेखा उरलेलं पुरण वाटायला आत गेली. खापर चुलीवर चढलेलं, पहिले गोळे भरून ठेवलेले, आणि चुलीपाशी मी एकटी. जमलेल्या बायका पलीकडे गप्पा मारत होत्या. मी उठले, रेखाच्या पाटावर बसले. एक तरी मांडा माझ्या हातचा जाऊ दे, म्हटलं. लोकांना फरक कळतो की नाही बघू.

डावा हात खापरावरून नेला. धग नाही. लाकूड आत सारलं. परत हात नेला. नाही. अजून लाकूड घातलं. तोंडावर चटके बसत होते, पण तोंडाचं मी कधी ऐकलंच नव्हतं. आईनं सांगितलं होतं, दंडाचं ऐकायचं. म्हणून हात अजून खाली नेला, दंड अगदी टेकेपर्यंत, आणि तिथेच धरून बसले, धग चावायची वाट बघत.

"अक्का!"

रेखानं मला मागच्या मागे ओढलं. पुरणाचं पातेलं तिच्या हातातून पडलं होतं. माझ्या दंडावर तांबडा पट्टा उठला होता आणि त्यावर फोड येत होते. मला काहीच लागलं नव्हतं. बघून सुद्धा लागलं नाही. ऑपरेशनच्या वेळी तिथली शीर जाते, तेवढी जागा बधिर राहते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी तेव्हा हसत होते ना.

(ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्यांनी माझं ऐका. अंघोळीचं पाणीसुद्धा दुसऱ्या हातानं बघा.)

रात्रीतून ताप चढला, हात कोपरापासून सुजला. परत सलाइन, परत खाट, या वेळी जळगावातच. मी चूल गेली म्हणून रडले नाही. दंड गेला म्हणून रडले. आईनं दिलेली एवढी एकच गोष्ट होती, ती माझ्याच अंगातून गेली होती आणि मला पत्ता नव्हता.

रेखाचं ऐकलं तेव्हा

ड्रेसिंगला रेखाच यायची माझ्याबरोबर. एकदा बाकड्यावर आमचा नंबर यायची वाट बघत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं बरं चाललंय बाई. आयती चूल मिळाली."

ती भडकली, आणि भडकली ती थेट अहिराणीत.

"अक्का, तुमले काय वाटस, माले गोड लागस? सकायथून मी खापरपुढे बठस. मना हात जयतस. नि जेवणारा बठ्ठा काय म्हणतस? सुनंदाअक्काना मांडा! सुनंदाअक्काना हात! एक जण मनं नाव लेस नही. तुमना भाऊबी सुपारी लेतस ती तुमनाच नावनी लेतस."

'तुमना भाऊ' म्हणजे माझा धाकटा दीर, तिचा नवरा. तोसुद्धा लोकांना सांगायचा, सुनंदावहिनींचे मांडे आहेत, घ्या. नाव चालतं म्हणून. तिनं बाह्या वर करून हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक चट्टे, माझ्या हातांवर आहेत तसेच.

आता खरं सांगते. त्या हातांकडे बघून मला आधी आनंद झाला. इतके महिने मी ज्यावर जळत होते ते तिला मिळालंच नव्हतं. नाव अजून माझं होतं! बाकड्यावर बसल्या बसल्या मला हलकं हलकं वाटलं. ड्रेसिंग करताना सिस्टर म्हणाली, आज तब्येत छान दिसते मावशी.

तो आनंद दोन दिवससुद्धा टिकला नाही. ओट्यावर बसले की रेखाचे हात डोळ्यांपुढे यायचे. माझं नाव माझ्याशिवाय चुलीपुढे बसत होतं आणि तिचे हात नावाशिवाय भाजत होते. तिला नाव द्यावं, हे मला कळत होतं. पण छाती गेली, केस गेले, दंड गेला. उरलं काय होतं माझ्याकडे? एक नावच. ते कसं देऊ? आजारात माणूस मोठ्या मनाचं होतं म्हणतात. मी झाले नाही. दिसेल ते गच्च धरून ठेवणारी झाले.

यांना मी एकदा विचारलं, "मी आता नुसती बसून असते. माझं काय काम आहे हो घरात?"

हे गिरणीचं पीठ झटकत म्हणाले, "बसून असतेस तेच बरं आहे. गेल्या वर्षी बसलेलीसुद्धा दिसत नव्हतीस." आणि चहा मागितला. मी केला. उजव्या हातानं.

अमळनेरकडचं लग्न

यंदा आखाजीनंतर अमळनेरकडच्या एका गावात लग्नाची सुपारी आली. रेखा म्हणाली, "अक्का, तुम्हीबी चला." मी म्हटलं, मी येऊन काय करू? ती म्हणाली, चला तर. मी गेले. हातावर सूज येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली घट्ट बाही घातली होती, डोक्यावर पदर. चुलीपासून जरा लांब, धग पोचणार नाही अशी, मला प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली.

रेखा बसली. मी पहिल्यांदाच तिला लांबून, नीट, पूर्ण बघितलं. मी तिच्या चुका शोधत होते. गोळा ती माझ्यापेक्षा लहान घेते. पण झुलवताना तिची मनगटं जशी फिरतात तशी माझी कधी फिरली नाहीत. मांडा तिच्या हातांवर वाढत गेला, त्यातून पलीकडचा मांडव दिसला, बायका दिसल्या. खापरावर पडला तो एकही घडी न पडता. माझ्या जिवाची लाही झाली. इतकं सुंदर होतं ते.

पंगती उठायला लागल्या. नवरीचे आजोबा, गावात त्यांना सगळे आबा म्हणत, ताटावरून उठून थेट चुलीकडे आले. हात अजून रसानं माखलेले. रेखाकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या खुर्चीपुढे उभे राहिले.

"सुनंदाअक्का, कितला पातय मांडा शे! तुमना हात म्हणजे तुमनाच हात. असा हात आते पाह्याले भेटत नही."

सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. रेखाची पाठ माझ्याकडे होती. तिनं पुढचा गोळा उचलला. पाठ हलली नाही.

गप्प बसणं किती सोपं होतं! मान थोडी खाली घालायची, पदर सारखा करायचा. इतकी वर्षं तेच करत आले.

"आबा," मी म्हटलं, "हात माझा नाही. मांडे रेखाचे आहेत. माझ्या धाकट्या जावेचे. गेल्या वर्षीपासून सगळे तिचेच आहेत."

बोलले आणि हलकं वगैरे काही वाटलं नाही. अंगावरचा दागिना काढून दिल्यासारखं झालं. आबांनी एकदा रेखाकडे बघितलं, एकदा माझ्या हातावरच्या त्या बाहीकडे. म्हातारा माणूस, मनात काही नव्हतं त्यांच्या, सहजच विचारलं.

"मंग आते तुम्ही काय करतस?"

वर्षभर हाच प्रश्न मी छताच्या पंख्याला विचारत होते, यांना विचारत होते, आणि आता परक्या मांडवात, चार बायकांसमोर तो मलाच विचारला गेला. बायका थांबल्या. आबा वाट बघत होते. खुर्चीत बसून राहणं, हे काही काम नव्हे.

रेखाच्या हातांवर मांडा पसरला होता. कोपरापर्यंत. खापरावर तिनं टाकलेली पिठाची चिमूट केव्हाच तांबूस झाली होती, ते मला खुर्चीतून तिच्या खांद्यावरून दिसत होतं. आता टाकला नाही तर खापर जास्त तापणार होतं. तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तिनं हात थांबवले. मान वळवली नाही. मांडा झुलवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"अक्का, टाकू का?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"टाक."